आधी गावाला विचारा

खाण येणार, धरण येणार, कारखाना येणार म्हटलं की गावात दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, येऊ द्या, पोरांच्या हाताला काम मिळेल. दुसरी म्हणते, पाणी जाईल, चराई जाईल, मग ते काम घेऊन काय करायचं? कधी कधी तर एकाच घरात सासू एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला. आणि खरं सांगायचं तर दोघींचंही म्हणणं खोटं नसतं.

मग न्याय कसा करायचा? कोणाचं ऐकायचं, आणि किती दिवस ऐकत बसायचं? हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. आज आम्ही तुम्हाला पार जगाच्या उत्तर टोकाला घेऊन जाणार आहोत. तिथल्या लोकांनी हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी हाती घेतला, आणि त्यात आपल्यासारख्या बायांचा आणि रेडिओचा मोठा हात होता.

कॅनडा देशाच्या उत्तरेला वायव्य प्रदेश नावाचा मुलूख आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि माणसं किती? आज सगळी मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. या मुलखातून मॅकेन्झी नावाची नदी वाहते. आपल्या गोदावरीपेक्षा लांब. ती उत्तरेकडे वाहत जाऊन बर्फाच्या समुद्राला मिळते. नदीच्या काठाने डेने, मेटी आणि ग्विचिन लोकांची, तर मुखाशी इनुव्हियालुइट लोकांची वस्ती आहे. तिथे ज्वारी-बाजरी पिकत नाही. मासा, कॅरिबू नावाचं मोठ्या शिंगांचं हरीण आणि रानातली फळं, यावर त्यांचं घर चालत आलं. पुरुष शिकार आणतात. कातडी कमावणं, मांस वाळवणं, मासे धुरावर टिकवणं आणि फळं गोळा करणं हे बहुतेक बायांचं काम. म्हणजे रान बिघडलं की पहिल्यांदा चूल बिघडते. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता न विचारता खणलं की काय होतं, ते आधी ऐका.

यलोनाइफ हे त्या प्रदेशाचं मुख्य शहर. त्याच्या शेजारी १९४८ साली जायंट नावाच्या खाणीतून सोनं निघू लागलं. तिथलं सोनं दगडात असं मिसळलेलं होतं, की ते सोडवायला दगड भाजावा लागे. भाजताना धुरातून सोमल बाहेर पडे. सोमल म्हणजे आपल्या आजीच्या तोंडी असलेलं तेच जालीम विष. सुरुवातीच्या वर्षांत हा धूर टनावारी विष घेऊन उघड्यावर जात होता आणि आजूबाजूच्या बर्फावर बसत होता. डेने कुटुंबं हिवाळ्यात बर्फ वितळवूनच पाणी पीत. १९५१ साली असं पाणी पिऊन एक लहान मूल दगावलं. कंपनीने त्या घराला ७५० डॉलर दिले. पाण्याबद्दलचे इशारे छापून आले ते इंग्रजी वर्तमानपत्रात. ज्यांना ते वाचायला हवे होते, त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

पुढे धुरातली विषारी भुकटी पकडायची यंत्रं बसवली. पण पकडलेली भुकटी ठेवायची कुठे? ती खाणीच्याच पोटातल्या दालनांत भरली. खाण २००४ साली कायमची बंद झाली. मालक कंपनी त्याच्या आधीच, १९९९ साली, दिवाळखोर झाली होती. मागे राहिली ती २ लाख ३७ हजार टन सोमलाची भुकटी. ती पाण्यात विरघळते, आणि शेजारी मोठं तळं आहे. म्हणून आता ती जमिनीखाली गोठवून ठेवण्याचं काम चाललं आहे. त्या जागेच्या साफसफाईचा खर्च सरकारने २०२२ साली ४३८ कोटी डॉलर सांगितला. सोनं ज्यांनी नेलं ते गेले. विष तिथेच राहिलं, आणि खर्च आला जनतेच्या तिजोरीवर.

मैत्रिणींनो, खाण उघडली तेव्हा "पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासा" असा नियमच नव्हता. डेने लोकांना कोणी विचारलं नव्हतं. नियम म्हणजे कामात घातलेला खोडा, असं आपण बरेचदा ऐकतो. पण नियम नसला तर काय होतं, ते जायंट खाणीत आजही गोठवून ठेवलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट. १९६८ साली शेजारच्या अलास्कात, प्रूडो बे इथे, तेल आणि वायूचा प्रचंड साठा सापडला. मॅकेन्झी नदीच्या मुखाशीही वायू होता. १९७३ साली जगभर तेलाचा भडका उडाला. मग मोठमोठ्या कंपन्यांनी मिळून बेत केला, की उत्तरेचा वायू मॅकेन्झीच्या खोऱ्यातून नळाने दक्षिणेच्या शहरांकडे न्यायचा. कारखाने, घरं, दिवे सगळं त्यावर चालणार. काम इतकं मोठं, की जगातला सगळ्यात मोठा खाजगी प्रकल्प म्हणून त्याचा बोलबाला झाला.

कॅनडाच्या सरकारने मार्च १९७४ मध्ये या बेताची चौकशी करायला एक न्यायाधीश नेमले. त्यांचं नाव थॉमस बर्जर. अनेकांना वाटलं, की साहेब शहरात बसतील, तज्ज्ञांना बोलावतील, कागद वाचतील आणि शिक्का मारतील. बर्जर यांनी तसं केलं नाही.

तज्ज्ञांची सुनावणी यलोनाइफला मार्च १९७५ मध्ये सुरू झाली. त्याबरोबर ते स्वतः गावोगाव निघाले. एकूण ३५ गावं आणि वस्त्या. कुठे लाकडी सभागृहात बसले, कुठे मासेमारीच्या तळावर. गावातल्या बैठकीत वकिलांची उलटतपासणी ठेवली नाही. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या भाषेत बोलावं, दुभाषा सांगेल. शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत बैठक उठायची नाही. कंपनीच्या माणसांनी तिथेच बसून ऐकायचं, आणि गावाने विचारलं तर उत्तर द्यायचं.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंपनीकडे पैसा असतो, ती दहा तज्ज्ञ आणू शकते. गावाने कुठून आणायचे? म्हणून बर्जर यांच्या आग्रहावरून सरकारने आदिवासी संघटनांना, पर्यावरणाच्या आणि इतर गटांना मिळून सुमारे १७ लाख डॉलर दिले. त्यातून त्यांनी आपला अभ्यास केला आणि आपले जाणकार उभे केले. तराजू दोन्ही बाजूंनी धरला तरच वजन खरं कळतं.

या अभ्यासातलं एक काम डेने स्त्रीने पुढे होऊन चालवलं. तिचं नाव फीबी नहानी. तिने आणि तिच्या सोबत्यांनी गावोगावच्या शिकाऱ्यांना विचारून नकाशे काढले. कोण कुठल्या वाटेने जातो, फास कुठे लावतो, मासा कुठे धरतो, मुक्काम कुठे करतो. सरकारी नकाशावर जो मुलूख कोरा दिसत होता, तो या नकाशांवर वाटांनी भरून गेला. "इथे कोणी नाही" असं मग कोणाला म्हणता येईना.

आणि आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग, रेडिओ. कॅनडाच्या राष्ट्रीय रेडिओची उत्तरेसाठी वेगळी सेवा होती. तिचे निवेदक बर्जर यांच्याबरोबर गावोगाव फिरले आणि दिवसभर कोण काय बोललं, ते इंग्रजीतून आणि तिथल्या लोकांच्या भाषांतून ऐकवू लागले. रानातल्या तळावर बसलेला शिकारीसुद्धा ट्रान्झिस्टरवर ऐके. त्यामुळे झालं असं, की बैठक पुढच्या गावात पोचण्याआधीच मागच्या गावाचं म्हणणं तिथे पोचलेलं असे. लोक त्यावर घरी बोलत, विचार करून येत. आधी ज्यांना वाटायचं की आपल्याला काय कळतं, त्यांनी शेजारगावच्या म्हातारीला रेडिओवर बोलताना ऐकलं आणि त्यांचाही धीर चेपला. अशी सुमारे हजार माणसं बोलली.

रेडिओचा विषय निघाला आहे, तर नेली कूर्नोयेआ यांचंही नाव घ्यायला हवं. त्या इनुव्हियालुइट. इनुव्हिक गावच्या रेडिओ केंद्रावर त्या निवेदिका होत्या, पुढे केंद्राच्या व्यवस्थापक झाल्या. तेल शोधणाऱ्या कंपन्या न विचारता शिकारीच्या मुलखात शिरू लागल्या, तेव्हा १९७० साली त्यांनी अ‍ॅग्नेस सेमलर आणि इतर सोबत्यांसह मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. सेमलरबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष. कूर्नोयेआ १९९१ ते १९९५ वायव्य प्रदेशाच्या प्रमुख होत्या, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्रीच म्हणा ना.

तर या चौकशीतून निघालं काय? काही गोष्टी तज्ज्ञांनी सांगितल्या, काही गावाने. उत्तर युकॉनच्या किनाऱ्यावर कॅरिबूंचा एक मोठा कळप दरवर्षी वीण करायला येतो. तेव्हा त्यात लाखभर जनावरं होती. त्या वेळी माद्यांना जरा जरी त्रास झाला तरी पाडसं जगत नाहीत. ओल्ड क्रो गावचं सारं जगणं या कळपावर. नदीच्या मुखाशी उथळ, कोमट पाण्यात पांढरे देवमासे पिल्लांसह राहतात, तीही नाजूक जागा.

जमिनीचाही प्रश्न होता. तिथे बऱ्याच भागात जमीन बारमाही गोठलेली. ती वितळू नये म्हणून कंपनी वायू थंड करून पाठवणार होती. पण मधे मधे न गोठलेली जमीनही आहे. तिथे थंड नळामुळे मातीतलं पाणी गोठणार, फुगणार आणि नळाला वर उचलणार. पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली की ती तडकते, तसंच हे. कंपनीने याचे प्रयोग केले होते. पण ज्या उपकरणावर केले त्यातच दोष होता, हे चौकशी चालू असताना उघड झालं. घाईने शिक्का मारला असता तर हे कळलं नसतं.

मे १९७७ मध्ये बर्जर यांचा अहवाल आला. सरकारी अहवाल असूनही तो दुकानांत हातोहात खपला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उत्तर युकॉनच्या किनाऱ्यावरून नळ कधीच नेऊ नये. आणि मॅकेन्झी खोऱ्यातून नळ नेता येईल, पण दहा वर्षं थांबा. आधी तिथल्या लोकांचे जमिनीवरचे हक्क ठरवा.

नीट ऐका हं. विकास नको असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी क्रम सांगितला. आधी जमीन कोणाची ते ठरवा, तिथल्या माणसाला हो किंवा नाही म्हणायची ताकद द्या, मग कामाचं बोला. लग्नात आधी बोलणी होतात, मग मांडव पडतो. मांडव आधी घालून मग मुलीला विचारायचं नसतं.

त्यानंतर किनाऱ्याचा तो भाग १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच वर्षी इनुव्हियालुइट लोकांचा सरकारशी जमिनीचा करार झाला. ग्विचिनांचा १९९२ मध्ये, साह्तू डेने आणि मेटींचा १९९३ मध्ये, त्लिचो लोकांचा २००३ मध्ये. १९९८ साली मॅकेन्झी खोऱ्यासाठी वेगळा कायदा आला. त्या कायद्याने प्रकल्प तपासणारी मंडळं नेमली, आणि त्यांतले निम्मे सदस्य मूळ रहिवाशांनी सुचवलेले असतात. म्हणजे ज्यांना आधी दाराबाहेर उभं केलं जाई, ते आता आत बसून कागद तपासतात. जायंट खाणीतली भुकटी कायमची गोठवून ठेवू, असं सरकार म्हणत होतं. अशाच मंडळाने २०१३ साली सांगितलं, की कायमची नाही. शंभर वर्षांची मुदत धरा, त्याहून चांगला उपाय शोधत राहा, आणि देखरेखीला स्वतंत्र समिती नेमा.

सगळं काही बर्जर यांच्या सल्ल्याने झालं असंही नाही. १९८५ साली नॉर्मन वेल्सहून दक्षिणेला सुमारे ८७० किलोमीटरचा तेलाचा नळ गेलाच. त्या वाटेवरचे जमिनीचे दावे तेव्हा मिटलेले नव्हते.

आता तराजूचं दुसरं पारडं. तेही प्रामाणिकपणे पाहिलं पाहिजे.

हक्क मिळाल्यावर तिथल्या लोकांनीच पुढे वायूच्या नळाचा नव्याने विचार केला. २००० साली त्यांनी आपली एक कंपनी केली आणि नळात एक तृतीयांश वाट्याचा करार मिळवला. ज्यांनी १९७५ मध्ये विरोध केला होता, त्यांच्यातलेच काही आता म्हणत होते, की आमच्या अटींवर होऊ द्या. २००४ मध्ये अर्ज दाखल झाला. तपासणी समितीने २६ गावांत सुनावण्या घेतल्या, पण अहवाल आला तो २००९ च्या डिसेंबरात. त्यात १७६ शिफारशी होत्या. अखेरची सरकारी मंजुरी २०११ मध्ये मिळाली. तोवर अमेरिकेत दुसऱ्या पद्धतीने वायू भरपूर निघू लागला होता आणि भाव कोसळला होता. डिसेंबर २०१७ मध्ये कंपन्यांनी बेत गुंडाळला.

इनुव्हिक गाव वायूच्या साठ्यांच्या जवळ वसलेलं. पण तिथली छोटी स्थानिक विहीर आटत गेल्यावर घरं ऊबदार ठेवायला इंधन दूर दक्षिणेहून ट्रकने आणावं लागलं. हिवाळ्यात उणे चाळीस अंशांपर्यंत जाणाऱ्या थंडीत ते परवडायचं कसं? रोजगाराची वाट पाहिलेली पोरं गाव सोडून गेली तर त्यांच्या आयांनी कोणाला विचारायचं? उशीर झाला की त्याचीही किंमत असते, आणि तीही गरिबालाच मोजावी लागते. भाव पडणं कोणाच्या हातात नव्हतं. पण तपासणी कधी संपेल याची ठरलेली मुदत असणं, हे मात्र हातात असतं.

मग उपाय काय? नियमच काढून टाकायचे? कॅनडाच्या संसदेने जून २०२५ मध्ये देशहिताचे म्हणून ठरवलेले मोठे प्रकल्प लवकर मार्गी लावण्याचा कायदा केला. त्यावर तिथे पुन्हा तोच वाद चालू आहे. मूळ रहिवाशांमधले बरेच जण विचारतात, की घाईत आमचं ऐकणार कोण? आम्हाला वाटतं, या दोन गोष्टींतून एक सरळ हिशेब निघतो. ऐकायला लागलेला वेळ वाया जात नाही, तो पुढचा खर्च वाचवतो. फाइल टेबलावर पडून राहिली तो वेळ मात्र खरोखर वाया जातो. कमी करायचा असेल तर हा दुसरा वेळ कमी करा, पहिल्याला हात लावू नका.

बायांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. खाण किंवा नळाचं काम आलं की हातात रोख पैसा येतो, बाहेरून शेकडो पुरुष येऊन तळ ठोकतात, दारू वाढते. घरातला माणूस आठवडेच्या आठवडे लांब. याचा हिशेब पाण्याच्या आणि हवेच्या तपासणीत कुठेच येत नसे. कॅनडात बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांबद्दल राष्ट्रीय चौकशी झाली. तिच्या २०१९ च्या अहवालाने अशा कामगार तळांचा आणि स्त्रियांवरच्या हिंसेचा संबंध स्पष्ट मांडला. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्यात, प्रकल्प तपासताना बायांवर आणि पुरुषांवर वेगवेगळा परिणाम काय होईल तेही पाहावं, असं लिहिलं गेलं. बाया बोलल्या म्हणून ते कागदावर आलं.

आता आपल्या दारात येऊ. आपल्याकडे १४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. तिच्यानुसार ठरावीक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. महाराष्ट्रात ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान तीस दिवस आधी सूचना द्यायची असते. अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर मराठीतही हवा. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही, तिथे दवंडी पिटून आणि रेडिओवरून कळवावं, असंही त्यात लिहिलं आहे. सुनावणीचं चित्रीकरण व्हावं, आणि शेवटी जे नोंदवलं ते स्थानिक भाषेत वाचून दाखवावं. आणि एक बारीक पण महत्त्वाची बाब अशी, की या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. म्हणजे दहाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. आपण गेलो नाही तर ती थांबत नाही. आपल्याशिवाय होते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की नोटीस आली तर बचतगटाच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा. मराठी सारांश मागून घ्या. फीबी नहानीसारखा आपलाही नकाशा काढा. विहिरी कुठे, सरपण कुठून, गुरं कुठे चरतात, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असतं. काम किती वर्षांचं, किती जणांना, आणि खाण बंद झाल्यावर खड्डा कोण भरणार, त्याचे पैसे आधी कुठे ठेवणार, हे लेखी विचारा. प्रकल्प हवा असेल तर हवा म्हणून सांगा, अटी घालून सांगा. नको असेल तर का नको ते सांगा. दोन्ही सांगायचा हक्क सारखाच आहे. आणि जे सांगाल ते नोंदीत आलं का, ते वाचून दाखवतील तेव्हा कान देऊन ऐका. आलं नसेल तर तिथल्या तिथे उभ्या राहा आणि म्हणा, माझं वाक्य राहिलं आहे, ते आधी लिहा.